सुट्टे नाहीत, उंदीर घ्या

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच घरांची चूल कुठल्या ना कुठल्या जर्मन मशिनवर चालते. पिंपरीत केएसबीचे पंप आहेत. बकाव वुल्फ आहे. तिच्या पाटीवरचं नाव पुढे टिसेनक्रुप झालं, नंतर तेही बदललं, पण जुना रिक्षावाला अजून ‘बकाव’च म्हणतो आणि बरोबर गेटवर सोडतो. चाकणला बॉश आहे, मर्सिडीज आहे, 2009 पासून फोक्सवॅगन आहे. त्यामुळे जर्मनीला जाऊन आलेल्या माणसाचं इथे कुणाला फारसं कौतुक नाही. आळंदीला पायी जाऊन आलेल्याच्या निदान पाया तरी पडतात.

माझा भाचा डेप्युटेशनवरून परत आला तेव्हा रिवाजाप्रमाणे चॉकलेटं घेऊन आला. ती बायकोने ताब्यात घेतली. मग माझ्या हातात एक पाकीट ठेवून तो म्हणाला, “मामा, तुझ्यासाठी पैसे आणलेत.” भाच्याकडून पैसे येण्याची आमच्या घराण्यात ही पहिलीच वेळ. मी पाकीट उघडलं. आत पत्त्यांपेक्षा थोडे लहान, करकरीत, रंगीत कागद होते. एकावर पुंगी वाजवणारा माणूस आणि त्याच्यामागे उंदीर. किंमत 50 फेनिग, म्हणजे अर्धा मार्क.

“हे कुठे चालतं?” बायकोने विचारलं.

“कुठेच नाही, मामी. शंभर वर्षांपूर्वीच बंद झालं.”

“म्हणजे यांच्या पेन्शनसारखंच,” असं म्हणून ती चॉकलेटं फ्रीजमध्ये ठेवायला गेली. मी मात्र त्या उंदरांत अडकलो तो अडकलोच.

तो हॅमलिनचा पुंगीवाला होता. गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे: उंदीर घालवल्यावर गावाने त्याची ठरलेली मजुरी बुडवली, मग तो गावातली पोरं घेऊन निघून गेला. दंतकथेतलं साल 1284. ज्या गावाने कंत्राटदाराचं बिल थकवलं, त्याच गावाने सव्वासहाशे वर्षांनी पैशांवर त्याचीच तसबीर छापली, आणि ते पैसेही ठरावीक मुदतीनंतर रद्द होणारे! आमच्या पट्ट्यात थकलेल्या बिलांना तोटा नाही. पण व्हेंडरचा फोटो नोटेवर छापण्याची दानत अजून कुठल्या परचेस खात्याने दाखवलेली नाही.

या कागदांना नोटगेल्ड म्हणतात, म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि शिस्तप्रिय जर्मन नागरिकाने सर्वांत आधी काय केलं असेल, तर घरातली चांदीची नाणी दडवून ठेवली. बाजारातून चिल्लर गायब. पुढे निकेल आणि तांबं दारूगोळ्याला हवं म्हणून सरकारनेही नाणी काढून घेतली आणि लोखंडाची, जस्ताची पाडली. चर्चच्या घंटासुद्धा वितळवल्या. तरी मोड पुरेना. पगार द्यायचा तर मोड नाही, पाव घ्यायचा तर मोड नाही. शेवटी गावोगावच्या नगरपालिका, बचत बँका आणि कारखाने यांनी आपापली कागदी चिल्लर छापायला घेतली. ती त्या गावाच्या शिवेपर्यंत चालायची. शीव ओलांडली की तिला कुणी ओळखत नसे.

जर्मनांना हे सगळं अपूर्व वाटलं असेल. आमच्या एमआयडीसीत नोकरी केलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. मी ज्या कारखान्यात होतो (नाव सांगत नाही, एक फाईल अजून तिथेच आहे) तिथे कॅन्टीनचं कूपन हेच खरं चलन होतं. चहाचं पिवळं, नाश्त्याचं हिरवं, जेवणाचं गुलाबी. दोन पिवळ्यांना एक हिरवं हा सरकारी दर. पण महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर, सगळ्यांची कूपनं संपत आली की, तोच दर तीनावर जायचा. गुलाबजामच्या दिवशी गुलाबी कूपन बाजारातून अदृश्य व्हायचं. अर्थशास्त्रात याला साठेबाजी म्हणतात, आम्ही त्याला ‘तिसऱ्या शिफ्टवाल्यांचा चावटपणा’ म्हणत असू. कूपनांवर रमी चाले, उसनवारी चाले, आणि निवृत्त होणाऱ्याच्या निरोप समारंभात कुणीतरी जुनी उधारी काढून पाच हिरवी वसूलही करे. कॅन्टीनच्या सुपरवायझरला जे अधिकार होते, ते रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला मिळाले तर महागाई एका आठवड्यात आटोक्यात येईल. शिक्का मारायचा तोच, रद्द करायचा तोच, आणि “कालचं कूपन आज चालणार नाही” असं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांती असायची ती साधुसंतांच्या चेहऱ्यावरही दिसत नाही.

कारखान्याबाहेर वेगळं चलन. किराणावाल्याकडे एक रुपया परत घ्यायचा असला की एक्लेअर हातात पडते. एक्लेअर देताना तो चलन समजून देतो. आपण परत नेऊन दिली तर मात्र तो तिच्याकडे खाद्यपदार्थ म्हणून बघतो. 30 जून 2011 ला चार आणे अधिकृतपणे बंद झाले. पन्नास पैसे कायद्याने आजही चालू आहेत, पण ते चिंचवडच्या भाजीवालीला दाखवून पाहा. तिच्या नजरेने माणूस चलनातून बाद होतो. दहा रुपयांच्या नाण्याचं तर विचारूच नका. ते खोटं आहे अशी वावडी देशभर पसरली, तेव्हा 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की बाबांनो, दहाच्या नाण्याची चौदा रूपं निघाली आहेत आणि चौदाही खरी आहेत. तरी पुढे कितीतरी दिवस दुकानदार मान हलवत राहिले. सरकारने पाडलेलं खरं नाणं नको आणि टॉफी चालते, इतका प्रगल्भ समाज जर्मनीला 1914 साली मिळाला असता तर नगरपालिकांचा छपाईचा खर्च वाचला असता.

खरी मजा युद्ध संपल्यावर सुरू झाली. लोकांना या रंगीत कागदांचा नाद लागला होता. पोरं जमवत होती, मास्तर जमवत होते, अल्बम निघाले होते. एवढ्यात कुणातरी नगरपालिकेच्या हिशेबनिसाच्या लक्षात आलं की जो माणूस नोट अल्बमात चिकटवतो तो ती परत घेऊन खिडकीवर येत नाही. 50 फेनिगची नोट छापायला दोन-चार फेनिग, विकायची 50 ला, आणि वटवायला कुणीच येणार नाही! ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवसापासून अडचण संपली आणि अडचणीचा पैसा दुप्पट जोमाने निघू लागला. 1920 ते 1922 या काळात अशा मालिकाच्या मालिका निघाल्या. सहा नोटांत एक गोष्ट. पाचवर थांबलात तर गोष्ट अर्धी राहते. काही नोटांची मुदत त्या हातात पडायच्या आतच संपलेली असे. संग्राहकाला त्याचं काहीच वाटत नसे. मुदत संपलेल्या वस्तू पैसे देऊन घेणारं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानदारालाही मिळत नाही.

चित्रांवरून गावागावांत चढाओढ लागली. मेक्लेनबुर्ग प्रांतातल्या सत्तरएक गावांनी मिळून फ्रिट्झ रॉयटर या आपल्या बोलीभाषेतल्या लेखकाच्या नावाने मालिका काढली, मजकूरही बोलीतच. (आपल्याकडे अहिराणीतून नोट काढायचं ठरलं तर आधी तीन वर्षं शुद्धलेखनावर समिती बसेल.) बीलेफेल्डच्या बचत बँकेने रेशमावर, मखमलीवर नोटा छापल्या, कडेला लेस लावलेल्या. हार्ट्झ डोंगराजवळच्या ओस्टरवीकने चामड्यावर छापल्या. माइसेनने चिनी मातीची नाणी भाजली. सगळंच गोड होतं असं नाही. काही नोटांवर ज्यूंविषयी विखारी चित्रं आहेत. ती मी अल्बमात ठेवत नाही. पुढे काय झालं ते माहीत असताना ती गंमत म्हणून बघवत नाहीत.

पण बाकीचं बघून मला राहून राहून वाटतं, आपल्या पिंपरी-चिंचवडने ही संधी कशी सोडली? नगरपालिका 1970 ची, महानगरपालिका 1982 ची, श्रीमंतीचा लौकिक आशियाभर असल्याचं आम्ही पाहुण्यांना अगदी लहानपणापासून सांगत आलोय. एक मालिका सहज निघाली असती. आकुर्डीची नोट चेतक स्कूटरची: पुढच्या बाजूला स्कूटर, मागच्या बाजूला नंबर लागण्याची वाट बघणारा माणूस, आणि ही नोट बुक केल्यावर आठ-दहा वर्षांनी घरपोच. पिंपरीची नोट हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची, 1954, पेनिसिलिनची बाटली. फाटली तरी चिघळणार नाही. चिंचवडला मोरया गोसावी, त्यात दुमत नाही. निगडीला भक्ती-शक्तीचा 107 मीटरचा झेंडा, त्यासाठी नोट उभी छापावी लागेल आणि पाकिटात मावणार नाही. भोसरीला कुस्ती.

चाकणची मालिका मात्र सहा नोटांचीच हवी. पहिल्या नोटेवर संग्रामदुर्ग: 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला दीड-दोन महिने दाराशी बसवून ठेवलं. दुसऱ्या नोटेवर कांद्याचं रोप. तिसरीवर कांद्याची गोणी. चौथीवर भाव. पाचवीवर तोच भाव आठ दिवसांनंतर. ही नोट छापायला फक्त पाणी लागेल, शेतकऱ्याच्या डोळ्यातलं. सहावीवर तळेगाव चौक, संध्याकाळी सहाची वेळ, कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, मध्ये एक बैलगाडी, आणि सगळ्यांत पुढे तीच ती शाइस्तेखानाची फौज, अजून निघालेली नाही. या नोटेची मुदत ‘रस्ता रुंद होईपर्यंत’. म्हणजे संग्राहकांना घाई नाही.

जर्मनीत हा खेळ 1922 साली सरकारने बंद केला. पण त्याच सुमारास खऱ्या पैशाचाच खेळ झाला. मार्क घसरू लागला, घसरता घसरता कोसळला, आणि जी नोटगेल्ड हौस म्हणून छापत होते ती पुन्हा गरज म्हणून छापावी लागली. आता आकडे बदलले. 1923 च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत होते. बर्लिनमध्ये पावाची किंमत 200 अब्जांच्या घरात गेली. पगार दिवसातून दोनदा व्हायला लागला, कारण सकाळचा पगार दुपारी पुरत नसे. सरकारी बँकेचीही तारांबळ उडाली होती: 1922 च्या डिसेंबरात छापलेली हजार मार्कांची नोट घ्यायची आणि तिच्यावर आडवा लाल शिक्का मारायचा: शंभर कोटी मार्क. एका शिक्क्यात दहा लाख पट. आमच्या स्टोअर्समध्ये एक क्लार्क होता, तो चुकलेलं बिल असंच एका शिक्क्यात दुरुस्त करायचा, पण त्याला मेमो मिळाला.

या वेळी कारखान्यांनीही पैसे छापले. एसेनच्या क्रुपने छापले, लेव्हरकूझेनच्या बायरने छापले, लुडविग्सहाफेनच्या बाडिश अनिलिनने, म्हणजे आजच्या बीएएसएफने छापले. कामगाराला पगाराच्या पाकिटात कंपनीचीच नोट. थुरिंगिया प्रांताच्या दहा लाखांच्या, वीस लाखांच्या नोटा तर बाउहाउस शाळेतल्या हर्बर्ट बायर या तरुणाने आखल्या. फक्त सरळ रेषा आणि ठळक अक्षरं, बाकी नक्षी शून्य. जितकी शून्यं नोटेच्या आकड्यात तितकी चित्रात नकोत, असा हिशेब असावा. माझ्या ओळखीतल्या इंजिनियरांना संग्रहातली हीच नोट आवडते. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला नाही एवढीच त्यांची तक्रार असते.

फोक्सवॅगनवाले भाच्याचे मित्र मला नेहमी विचारतात, “काका, आमच्या कंपनीची नोट आहे का?” नाही बाळांनो, तुमची कंपनी जन्मली 1937 ला. मर्सिडीजवाल्यांची डाइमलर आणि बेन्झ यांची सोयरीक 1926 ची, तोवर मार्क नवा कोरा झाला होता. 15 नोव्हेंबर 1923 ला नवा रेंटेनमार्क आला आणि त्याने जुन्या एक लाख कोटींना एक असा भाव लावला. तरीही जुन्या छापखान्यांची गती इतकी होती की सर्वांत मोठ्या आकड्याची नोट, शंभर लाख कोटी मार्कांची, 15 फेब्रुवारी 1924 या तारखेची आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त या आकड्याला जलधी म्हटलंय. बाराव्या शतकात आपल्या माणसाने नाव तयार करून ठेवलं, आणि आठशे वर्षं गिऱ्हाईक नाही! शेवटी जर्मनीने घेतलं.

आपल्याकडेही युद्धांनी असेच उद्योग केले, फक्त सरकारी खाक्यात. पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली म्हणून 1917 अखेर एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ 1918 च्या सुरुवातीला आली दोन रुपये आठ आण्यांची. अडीच रुपयांची नोट कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? तिला मोड द्यायचा तर मोडच नाही म्हणून ती काढलेली! आज ती लिलावात लाखांच्या भाषेत बोलते. दुसऱ्या महायुद्धात 1940 ला रुपयाची कागदी नोट पुन्हा आली, रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि 1943 ला निघाला भोकाचा पैसा. तांबं वाचावं म्हणून सरकारने नाण्याचं पोटच काढून घेतलं. आमच्या आजीने असे पैसे करगोट्यात ओवून ठेवले होते. त्याच काळात बुंदी, बिकानेर, जुनागढ, मोरवी अशा संस्थानांनी चिल्लर नाही म्हणून पुठ्ठ्याची कूपनं काढली. म्हणजे राजेसाहेबांच्या मुद्रेचं कॅन्टीन कूपन. त्यांच्या सुपरवायझरला मुजरा करावा लागत असणार, आमच्याला फक्त हसून दाखवावं लागे.

हे सगळं शोधायला पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जावं लागतं, रविवारी नाहीतर बुधवारी. जुने नळ, एका पायाचे बूट, रेडिओचे सांगाडे यांच्यामध्ये एक चादर असते आणि चादरीवर जगाचा खजिना मांडलेला असतो. मी तिथे एकदा जर्मन नोट हेरली. विक्रेत्याने माझी नजर हेरली.

“घ्या सायेब, वर्ल्ड वॉरची नोट हाय. अस्सल.”

“अहो, यावर 1921 लिहिलंय. वॉर तर अठरा साली संपलं.”

त्याने नोट उलटीसुलटी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मग बिल उशिरा आलं आसंल.”

व्हर्सायच्या तहावर जाड जाड ग्रंथ लिहिले गेलेत. इतक्या थोडक्यात तो कुणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही. मी घासाघीस न करता पैसे दिले. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. उरलेल्या वीस रुपयांत त्याने मला युगोस्लाव्हियाची एक भलीमोठी नोट दिली, पाच-सात शून्यांची.

मित्र म्हणतात, आता हे सगळं संपलं. टपरीवर क्यूआर कोड आहे, चहा घेतला की डबा ओरडून सांगतो ‘दहा रुपये प्राप्त झाले’. अख्ख्या निघोजे गावाला कळतं की मी चहा एकट्याने घेतला. मोड नाही, टॉफी नाही, कूपनाचंही आता कार्ड झालं. कॅन्टीनमध्ये ते टेकवलं की टुंग वाजतं. तिसऱ्या शिफ्टवाल्यांनी साठा करायचा तर काय करायचा, टुंग? 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजार बंद झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी आपली सोसायटी चार दिवसांपुरत्या नोटा काढेल. सेक्रेटरींना मी तसा मसुदाही दिला होता, पाण्याच्या टाकीच्या चित्रासकट. त्यांनी तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवू म्हटलं. सभा गणसंख्येअभावी तहकूब आहे.

पण पूर्ण निराश व्हायचं कारण नाही. बसमध्ये अजून एक टांकसाळ चालू आहे. पन्नासची नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर पेनने आकडा लिहितो, त्याला एक गोल करतो आणि “उतरताना घ्या” म्हणतो. मुद्दाम बघा: छापील कागद, हाताने लिहिलेलं मूल्य, चलन फक्त त्या गाडीपुरतं, मुदत उतरायच्या थांब्यापर्यंत. नोटगेल्डची एकही अट चुकलेली नाही. आणि छापणाऱ्याचा फायदाही तोच, कारण निम्मे प्रवासी उतरायच्या गर्दीत ते वटवायला विसरतात.

मी विसरत नाही. मी ते मुद्दामच वटवत नाही. बायकोला हे सांगितल्यावर तिने कपाटातला अल्बम मागितला आणि त्यातल्या सगळ्या तिकिटांची बेरीज केली. एकशे चौऱ्याऐंशी रुपये. “अहो, एवढ्यात गॅसच्या शेगडीचा बर्नर आला असता,” ती म्हणाली. मी तिला समजावलं की संग्रहात दर्शनी किंमत बघायची नसते. ‘14 रु.’ लिहिलेलं नाशिक फाट्याचं तिकीट निळ्या शाईतलं आहे, बाकी सगळी काळ्या. शिवाय जर्मन नोटांवर महापौरांची सही असते, माझ्या एकाही तिकिटावर नाही. तेवढ्यासाठी सध्या मी त्याच मार्गावरच्या त्याच कंडक्टरला गाठायच्या खटपटीत आहे. काल तो दिसला, मी तिकीट आणि पेन पुढे केलं. त्याने तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि चौदा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले.